खुरप्याखालची भाजी

माझ्या लहानपणी, म्हणजे 1980 च्या आसपास, आमच्या घरी पालेभाजी विकत आणायची रीत नव्हती. आजी सकाळी खुरपं घेऊन रानात जायची आणि दिवस कलताना ओट्यात भाजी घेऊन यायची. ज्वारीत, मुगा-उडदात निंदताना निघालेलं अर्धं तण गुरांपुढे पडायचं आणि त्यातलं निवडक आमच्या ताटात यायचं. मृगाचा पाऊस झाला की तरोट्याची कोवळी पानं, मागून कुर्डू, तांदुळजा, पाथरी. भादव्यात अंबाडी. थंडीत करडईची भाजी आणि हरभऱ्याचे शेंडे, त्यांचा तेल-तिखट घालून कच्चा घोळाणा. उन्हाळ्यात विहिरीच्या पाटाकडेला घोळ. कुठली थंड, कुठली उष्ण, बाळंतिणीला काय चालतं, कुणाच्या पोटाला काय बाधतं, हा सगळा हिशेब तिच्या डोक्यात होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी चिनी वैद्यकाविषयी वाचायला लागलो, तेव्हा आजीची हीच झाडं मला तिथे भेटली.

घोळीचंच घ्या. चिनी वैद्य तिला ‘मा-छी-श्येन’ म्हणतात, कारण तिची पानं घोड्याच्या दातासारखी दिसतात. तिचं दुसरं नाव ‘वू-शिंग-त्साओ’, म्हणजे पाच तत्त्वांची वनस्पती. मी मुद्दाम पाटाकडेची एक घोळ मुळासकट उपटून पाहिली. पान हिरवं, देठ लालसर, फूल पिवळं, मूळ पांढरं आणि बोंडातलं बी काळं. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी या पाच तत्त्वांचे पाच रंग एकाच झाडावर. चिनी परंपरेत ती थंड आणि आंबट मानली जाते. रक्त पडणाऱ्या आवेवर आणि गळवांवर देतात. पोट नाजूक असलेल्याला आणि गरोदर बाईला मात्र जपून. आमची आजी पाच तत्त्वं सांगत नव्हती, पण उन्हाळ्यात घोळीची भाजी हमखास करायची आणि ज्याला ढाळ लागतात त्याला ती वाढायची नाही.

तरोट्याचं बी तिकडे ‘च्वे-मिंग-त्झ’ म्हणजे नजर स्वच्छ करणारं बी. शेन्नोंग या पौराणिक चिनी सम्राटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या औषधीग्रंथात ते आहे. आजही ते भाजून त्याचा काढा चहासारखा पितात. आपल्याकडे हाच तरोटा संस्कृतात चक्रमर्द, आणि त्याचं बी वाटून गजकर्णावर लावायचं. कुर्डूचं बीही चिनी वैद्य डोळ्यांसाठीच वापरतात. करडईची कोवळी पानं आपण खातो. चिनी वैद्य तिची फुलं रक्त वाहतं करायला देतात, आणि म्हणूनच गरोदरपणात ती वर्ज्य करतात. हिरवा रंग, आंबट चव, वसंत ऋतू आणि यकृत यांची ते एकत्र सांगड घालतात. ही सांगड प्रयोगशाळेत सिद्ध झालेली नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तिला मी निरीक्षणाची भाषा मानतो, आणि ते निरीक्षण बारकाईचं आहे.

भाजी शिजवण्याच्या बाबतीत दोन्ही परंपरा अगदी जवळ येतात. ली शिझेन या चिनी वैद्याचा मोठा औषधकोश आणि आपल्याकडचा भावमिश्रांचा भावप्रकाश, दोन्ही सोळाव्या शतकातले. त्याच्याही कितीतरी आधी चरकसंहितेने शाक उकडून, पाणी पिळून, स्नेह घालून खायला सांगितलं. चिनी स्वयंपाकातही थंड भाजीला आलं-लसणाची ऊब देतात. आणि आमच्या चुलीवर? अंबाडी उकडायची, आंबट पाणी पिळून टाकायचं, ज्वारीच्या कण्या घालून घोटायची आणि वरून तेलात तांबूस झालेल्या लसणाची फोडणी. आमच्याकडून येसगीचा पूल ओलांडून तेलंगणातल्या बोधनकडे गेलं की हीच अंबाडी ‘पुंटीकूर’ होते, पण तिच्यावरचा लसूण तोच.

आता ही भाजी गेली कुठे, ते पाहू.

पहिला घाव 1972 च्या दुष्काळाने घातला असं मला वाटतं. त्या साली दुष्काळी कामावर, सुकडी आणि मिलोच्या लाल ज्वारीवर दिवस काढलेली माणसं तरोटा उकडून खात होती. पुढे चार पैसे हाती आले, तेव्हा आजीच्या पिढीतल्या अनेकांनी तरोट्याकडे पाठ फिरवली. ती दुष्काळाची, गरिबाची भाजी ठरली. पाहुण्यांपुढे ती कुणी वाढेना.

दुसरा घाव मोठा होता आणि तो शेतातच बसला. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून सोयाबीन पसरत गेलं. ज्वारी, मूग, उडीद, मध्ये तुरीचं एखादं तास आणि कडेला अंबाडी, हे मिश्र पीक आक्रसलं. निंदायला बाया मिळेनात, मजुरी परवडेना, म्हणून तणनाशक आलं. रुंद पानाचं तण मारणारं औषध तांदुळजा, कुर्डू, घोळ यांनाच आधी मारतं. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. सोयाबीनने घरं उभी केली, पोरं शिकवली. पण खुरपं थांबलं आणि त्याच्याबरोबर भाजी ओळखणारी नजरही थांबली. ज्यांना आजी ही झाडं एकेक करून दाखवायची, त्याच आम्हा भावंडांपैकी आज दोघांनाच पाथरी ओळखता येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय 2015-16 मध्ये 48 टक्के होता, 2019-21 मध्ये तो 54 टक्क्यांवर गेला. हे केवळ पालेभाजी गेल्यामुळे झालं असं म्हणणं चूक ठरेल. पाल्यातलं लोह अंगी कमीच लागतं. त्यावर लिंबू पिळलं तर जास्त लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर वाया जातं. पण जिच्या ताटात भाकरी आणि चटणीच उरली, तिचं लोह, फोलिक आम्ल आणि अ जीवनसत्त्व यायचं कुठून? मुतखडा असलेल्यांनी मात्र घोळ, तांदुळजा बेताने आणि उकडून पाणी टाकूनच खावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पालेभाजीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

2020 पासून कृषी विभाग ऑगस्टमध्ये, आदिवासी दिनाच्या सुमारास, रानभाजी महोत्सव भरवतो. चांगली गोष्ट आहे. तिथे गर्दीही होते. पण वर्षातला एक दिवस मांडवात मांडलेली भाजी रोजच्या ताटात येत नाही. आमच्याच तालुक्यात, नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीत, सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र आहे. त्यांनी कुर्डू, पाथरी, तरोटा, अंबाडीचं बी राखून गावोगाव दिलं, तर ते फार मोठं काम होईल.

आणि तुम्ही एवढं करा. यंदा फवारणी करताना बांधालगतची चार तासं औषधाविना सोडा. फवारलेल्या रानातली भाजी खाऊ नका. घरात खुरपं चालवलेली आजी, आत्या, मावशी असेल, तर आर्द्रा लागल्यावर एका सकाळी तिला त्या चार तासांत घेऊन जा आणि पोरांनाही सोबत न्या.