इंग्रजी लेखनातील मोठी अक्षरे व पदनामे

इंग्रजीच्या रोमन लिपीत प्रत्येक अक्षराची मोठे, म्हणजेच कॅपिटल, आणि लहान अशी दोन रूपे असतात. वाक्याच्या व विशेषनामाच्या आरंभी मोठे अक्षर योजणे हा मूळ नियम होय. देवनागरीत असा भेद नसल्याने मराठी भाषकांना हा नियम नव्याने शिकावा लागतो.

सर्वाधिक घोटाळा पदनामांबाबत होतो. 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' या अमेरिकी लेखनसंहितेनुसार पदनाम व्यक्तिनामाच्या लगेच आधी येऊन त्या नावाचाच भाग बनले, तर त्याचे आद्याक्षर मोठे असते. त्यामुळे 'प्रेसिडेंट लिंकन' यात 'पी' मोठा लिहितात. 'अब्राहम लिंकन, प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स' या रचनेत मात्र तोच 'पी' लहान होतो. व्यक्ती तीच, पदही तेच, परंतु येथे ते सामान्यनाम आहे. अक्षराचे रूप पदाच्या मानावर नव्हे, तर शब्दाच्या वाक्यातील कार्यावर ठरते. मराठीत आदर अनेकवचनाने दाखवता येतो. इंग्रजीत ती सोय नसल्याने मोठ्या अक्षराकडून ते काम करून घेण्याचा मोह इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही होतो. नोकरीच्या अर्जात 'आपण मॅनेजर म्हणून काम केले' अशा अर्थाच्या वाक्यात 'एम' लहानच हवा. सहीखालच्या ओळीत किंवा पत्त्यात तो मोठा चालतो. सर्व प्रकाशने हाच नियम पाळत नाहीत. ब्रिटनमधील 'द गार्डियन' हे वृत्तपत्र 'प्राइम मिनिस्टर'सारखी पदनामेही लहान अक्षरांत छापते.

नातेवाचक शब्दांनाही हेच तत्त्व लागू पडते. 'माय मदर' यात 'मदर' लहान अक्षराने, तर आईला त्याच शब्दाने हाक मारताना तो मोठ्या अक्षराने लिहितात.

वार व महिने यांची आद्याक्षरे मोठी असतात, ऋतूंची नसतात. भाषांची नावे विशेषण म्हणून आली तरी मोठ्या अक्षरानेच सुरू होतात. फ्रेंचमध्ये मात्र ती लहान अक्षराने लिहितात. 'मार्च' हा महिना की संचलन, हे तर कित्येकदा आद्याक्षरावरूनच कळते.

हे नियम नेहमीच असे नव्हते. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रजीतील बहुतेक नामे मोठ्या अक्षराने लिहिण्याची प्रथा होती. अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानाच्या हस्तलिखितात ती ठळकपणे दिसते. पुढे इंग्रजीतून ती मागे पडली. डॅनिशने अशीच प्रथा १९४८ मध्ये सोडली, तर जर्मनमध्ये आजही प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने लिहिले जाते.