विश्लेषण : बैलाला दुखते आहे, हे ओळखायचे कसे?

चिखलणीच्या ऐन धांदलीत जोताचा बैल पाय उचलून धरू लागला, की वेळणेश्वरसारख्या (ता. गुहागर) गावात आधी खूर पाहिला जातो. जांभ्याचा खडा किंवा काटा असेल तर सापडतो. काहीच दिसले नाही तर? बैल हंबरत नाही, थोडीफार वैरणही खातो. म्हणजे फारसे दुखत नसावे, असे समजून पुन्हा मानेवर जू येते. चूक इथेच होते.

मुकी जनावरे ओरडत का नाहीत?

गाय-बैल मुळात शिकार होणारे प्राणी. कळपातला दुबळा उघडा पडला, की वाघाचे काम सोपे होते. त्यामुळे दुखणे लपवणे त्यांच्या अंगवळणी पडले आहे. वेदनेची यंत्रणा मात्र माणसासारखीच आहे. इजा झालेल्या जागी प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायने तयार होतात, तिथले मज्जातंतू हळवे होतात आणि संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. बोलून सांगता येत नाही म्हणून माणसाला किंवा प्राण्याला वेदना नाही असे ठरत नाही, हे त्यात स्पष्ट केले आहे.

मग मोजमाप कसे होते?

ब्राझीलमधील संशोधकांनी २०१४ मध्ये गुरांसाठी एक वेदनापट्टी प्रसिद्ध केली. ती तयार झाली नेलोर बैलांवर. ही जात मूळची आपल्या आंध्रातल्या ओंगोल गुरांपासूनची! चाल, आजूबाजूकडे लक्ष, हालचाल, भूक आणि इतर लक्षणे अशा पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण. एकूण १० पैकी ४ च्या वर गेले, तर वेदनाशामक द्यावे. गोठ्यात पाहण्याजोग्या खुणाही साध्याच आहेत : रवंथ कमी होणे, कान मागे पडणे, पाठीची कमान, दात खाणे, कळपापासून अलग उभे राहणे.

लंगडणाऱ्या बैलाला डागण्या देण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. त्याने जुन्या दुखण्यात भाजल्याचे नवे दुखणे तेवढे वाढते.

कोणतेही वेदनाशामक चालेल का?

नाही. घरातली गोळी किंवा इंजेक्शन तर मुळीच नको. डायक्लोफेनॅक बैलाचे दुखणे थांबवते, पण तो मेल्यावर ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. पांढऱ्या पाठीची गिधाडे देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटली ती यामुळेच. जनावरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झाले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. कोकणात रायगडमधील म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गिधाडांची घरटी आहेत, त्यामुळे हा प्रश्न इथे पुस्तकी नाही.

मात्रा जनावराच्या वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यकानेच द्यावी. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.