प्राणी कळप करून कां राहतात ?

आपल्या भाषेंत प्राण्यांच्या समुदायांना किती निरनिराळीं नांवें आहेत पाहा ! गुरांचें खिल्लार, हरिणांचा कळप, पांखरांचा थवा, माकडांची टोळी, उंटांचा तांडा, आणि शेतकऱ्याच्या उरांत धडकी भरविणारी टोळधाड. ज्या समाजानें इतके शब्द घडविले, त्यानें प्राण्यांचें संघजीवन डोळसपणें पाहिलें असलें पाहिजे यांत शंका नाहीं. परंतु हे प्राणी एकत्र कां राहतात, असें कोणी विचारलें तर आपण सहज म्हणतों, "त्यांचा स्वभावच तो !" स्वभाव हें उत्तर नव्हे, तें प्रश्नाचेंच दुसरें नांव आहे. तेव्हां त्या स्वभावाच्या मुळाशीं काय आहे, तें आजच्या या थोड्या वेळांत श्रोत्यांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

वरवर पाहिलें तर कळपांत राहणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार आहे. एकट्यानें चरलें तर सगळें कुरण आपलें. शंभरांत चरलें तर प्रत्येक घासाला वांटेकरी. शिवाय सांथीचें भय निराळेंच. २०१५ सालीं कझाकस्तानच्या माळरानांत सायगा जातीच्या हरिणी विण्यासाठीं एकत्र जमल्या असतां त्यांच्यांत घटसर्पाचा रोग शिरला, व अवघ्या कांहीं आठवड्यांत दोन लाखांवर जनावरें दगावलीं. इतकी किंमत मोजून कळप टिकतो, त्या अर्थीं त्याच्या बदल्यांत कांहीं तरी मोलाचें मिळत असलें पाहिजे.

गॅल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७१ सालीं याच विषयावर एक निबंध लिहिला. हा डार्विनचा आप्त. १८५० ते १८५२ या काळांत तो नैर्ऋत्य आफ्रिकेंत, म्हणजे आजच्या नामिबिया देशांत, बैलांच्या सोबतीनें हिंडला होता. तेथील बैलांचें एकमेकांवर विशेष प्रेम दिसत नसे. परंतु त्यांतील एखादा कळपापासून दूर काढला कीं तो वेड्यासारखा तडफडे, आणि सुटतांच धांवत जाऊन कळपाच्या ऐन मध्यावर अंग घुसवी. सर्वांच्या पुढें चालणारा बैल हवा म्हणून शोधावा, तर असा स्वतंत्र वृत्तीचा बैल क्वचितच सांपडे. गॅल्टननें याचें कारण ताडलें. त्या देशांत सिंह होते. जो बैल एकटा चरला तो सिंहाच्या पोटांत गेला. कळपाला चिकटून राहणाऱ्यांचा वंश तेवढा वाढला.

पुढें बरोबर शंभर वर्षांनीं, १९७१ सालीं, हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानें त्या विचाराला गणिताची बैठक दिली. त्यानें एका गोल तळ्याची कल्पना केली. तळ्यांत साप आहे. कांठावर बेडूक बसले आहेत. साप कोठें तरी डोकें वर काढणार आणि जवळांत जवळचा बेडूक धरणार. अशा वेळीं शहाणा बेडूक काय करील ? दोघां बेडकांच्या मधल्या फटींत उडी मारील. म्हणजे साप उजवीकडून आला तरी आधीं शेजारी, आणि डावीकडून आला तरीही आधीं शेजारीच! पण शेजारीही तितकेच शहाणे. ते उठून दुसऱ्या फटींत शिरतात, आणि पाहतां पाहतां विखुरलेल्या बेडकांचे दाट पुंजके होतात. कोणालाही कोणाविषयीं ममता नाहीं, तरी कळप तयार झाला.

हें ऐकून मन जरा खट्टू होतें. एकी म्हणून आपण जिचे गोडवे गातों, ती इतकी स्वार्थी असावी काय ? परंतु गोष्ट येथेंच संपत नाहीं. स्वार्थानें जमलेल्या समुदायालाही एक सामाईक मिळकत लाभते, आणि ती म्हणजे पुष्कळ डोळे. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडांतील प्रयोगांत शिकविलेला बाज रानपारव्यांवर सोडून पाहिला होता. एकट्या पारव्यावर घातलेल्या झडपांपैकीं शेंकडा सुमारें ८० यशस्वी झाल्या; ५० हून मोठ्या थव्यावरच्या शेंकडा १० देखील नाहीं. थवा जितका मोठा, तितका बाज दुरूनच कोणाच्या तरी नजरेस पडे, व सारे एकदम उडून जात. शिवाय अनेकांची राखण असली म्हणजे प्रत्येकाला मान खालीं घालून चार दाणे अधिक टिपतां येतात.

आपल्या ताडोबाच्या किंवा मेळघाटच्या जंगलांत तर ही राखणदारी दोन जातींनीं वांटून घेतलेली दिसते. वानरें झाडावर पाला व फळें खातात, बरेंचसें खालीं सांडतात. तें खाण्यास चितळें झाडाखालीं जमतात. वाघ दिसतांच शेंड्यावरचें वानर ओरडून इशारा देतें. चितळाला आधीं वास लागला, तर तें आधीं हांक देतें. एकाची नजर, दुसऱ्याचें नाक. जंगलांतले वाटाडेही याच हांकांवरून वाघाचा ठाव काढतात.

मग एवढ्या समुदायाला हुकूम कोण देतो ? हिंवाळ्यांत जोंधळ्याच्या शेतांवर उतरणाऱ्या भोरड्यांचे थवे ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना हा प्रश्न पडलाच असेल. भोरड्यांच्याच कुळांतील पक्ष्यांचे थवे रोम शहरावर जमतात. त्यांचीं छायाचित्रें घेऊन इटालियन शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं दाखवून दिलें कीं, तेथें सेनापति कोणीच नसतो. प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे तेवढें लक्ष ठेवतो, आणि तेवढ्यानें हजारोंचा थवा एका अंगानें वळतो.

हत्तींची गोष्ट मात्र निराळी. तेथें पुढारीपण वडील हत्तिणीकडे असतें. १९९३ सालीं टांझानियांतील तारांगिरे राष्ट्रीय उद्यानांत कडक अवर्षण पडलें. नऊ महिन्यांत तेथील ८१ पिलांपैकीं १६ मेलीं. पाहणींतील हत्तींचे तीन गट होते. दोन गट उद्यान सोडून अन्यत्र गेले, एक जागींच राहिला. आणि मेलेल्या पिलांपैकीं १० या एका गटांतलीं होतीं. संशोधकांचें अनुमान असें कीं, बाहेर पडलेल्या गटांत १९५८ ते १९६१ चा दुष्काळ भोगलेल्या वृद्ध हत्तिणी होत्या. उरलेल्या गटांतील पुष्कळशा वडील हत्तिणी चोरट्या शिकाऱ्यांनीं पूर्वींच मारल्या होत्या. पाण्याची वाट ज्यांना ठाऊक, त्याच नाहींशा झाल्या होत्या.

कळप मोडला म्हणजे काय होतें, याचें याहूनही दारुण उदाहरण उत्तर अमेरिकेंतील प्रवासी पारव्याचें आहे. एके काळीं त्यांची संख्या तीन ते पांच अब्ज असावी असा अंदाज आहे. तारायंत्रानें थव्याची बातमी यावी, आगगाडीनें शिकारी पोंचावे, आणि मेलेले पारवे पिंपें भरून शहरांत जावे, असें कित्येक वर्षें चाललें. पुढें थवे विरळ झाले. तरी कांहीं हजार पक्षी शिल्लक होते. परंतु प्रचंड वसाहतींत अंडीं घालण्यास सरावलेल्या त्या जातीला थोड्यांत निभावतां आलें नाहीं, असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत त्यांतील शेवटची मादी पिंजऱ्यांत एकटी मेली.

म्हणून अमुक जातीचे इतके प्राणी अजून उरले आहेत, असें वर्तमानपत्रांत वाचून आपण निश्चिंत होऊं नये. ते कळपानें उरले आहेत कीं विखरून, आणि त्यांच्यांत म्हातारीं जाणतीं जनावरें आहेत कीं नाहींत, हेंही विचारलें पाहिजे. आणि पुढच्या खेपेस रस्त्यांत धनगराच्या मेंढरांनीं आपली मोटार अडविली, तर चडफडण्याऐवजीं दोन मिनिटें थांबून पाहावें. कुत्रा जवळ येतांच प्रत्येक मेंढरूं मध्यभागीं शिरण्यासाठीं कसें धडपडतें, तें आपणांस तेथेंच दिसेल.