ओबर्नडॉर्फचं चिमुकलं चॅपल

नाताळ जवळ आला की रेडिओवर ‘सायलेंट नाइट’ हे गाणं हमखास लागतं. मूळ गाणं जर्मन. आज ते जगभरात तीनशेहून अधिक भाषांत आणि बोलींत गायलं जातं. आपल्याकडच्या मराठी चर्चमध्येही ते होतं. या गाण्याचं जन्मस्थान म्हणून प्रवाशांना ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी नेतात आणि एक पांढरं, अष्टकोनी चॅपल दाखवतात. चॅपल म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर. आत वीसेक माणसं बसली की ते भरलं!

पण गंमत अशी, की हे गाणं पहिल्यांदा गायलं गेलं तेव्हा हे चॅपल अस्तित्वातच नव्हतं. गाणं १८१८ चं आणि चॅपल १९३७ चं. मग १८१८ मध्ये तिथे काय होतं आणि ते कुठे गेलं? याचं उत्तर शोधायला चॅपलकडे नव्हे, शेजारून वाहणाऱ्या नदीकडे बघावं लागतं.

या नदीचं नाव साल्झाख. साल्झ म्हणजे मीठ. साल्झबर्ग शहराच्या नावातही तेच मीठ आहे. हालाइनच्या खाणींतलं मीठ होड्यांत भरून या नदीतून खाली जायचं आणि त्या वाहतुकीवर काठचे नावाडी पोट भरायचे. नदीच्या एका मोठ्या वळणावर लाउफेन नावाचं शहर आणि पलीकडच्या तीरावर त्याचंच उपनगर म्हणावं असं ओबर्नडॉर्फ. तिथलं चर्च संत निकोलसचं. संत निकोलस हा नावाड्यांचा रक्षणकर्ता मानला जातो, तेव्हा हे नाव ओघानंच आलं.

नेपोलियनची युद्धं संपली आणि १८१६ मध्ये राजेरजवाड्यांनी नकाशे नव्यानं आखले. सीमारेषा नेमकी या नदीतून गेली. लाउफेन बव्हेरियात, ओबर्नडॉर्फ ऑस्ट्रियात! कालपर्यंतचा एकच गाव दोन देशांत विभागला. लाउफेनचं मोठं चर्च परमुलखात गेलं आणि ओबर्नडॉर्फच्या नावाड्यांना संत निकोलसचं चर्च हेच आपलं मुख्य चर्च मानावं लागलं. त्याच वर्षी युरोपात उन्हाळा म्हणून जाणवलाच नाही. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५ च्या उद्रेकाचा तो परिणाम. पिकं बुडाली, धान्य महागलं. शांततेचं गाणं लिहिलं गेलं ते अशा दिवसांत, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

लिहिणारा होता योझेफ मोर हा तरुण सहायक धर्मगुरू. मोरची आई विणकाम करून गुजराण करणारी, अविवाहित. बाप शिपाई, पळून गेलेला. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिला तो चक्क साल्झबर्गचा फाशीवाला. मोरनं ही कविता १८१६ मध्ये मारियाफार या डोंगरी गावी लिहिली आणि पुढच्या वर्षी त्याची नेमणूक ओबर्नडॉर्फला झाली. २४ डिसेंबर १८१८ ला त्यानं ती कविता फ्रान्झ झेवर ग्रूबर या शेजारच्या आर्न्सडॉर्फच्या शाळामास्तरांना दिली. हे मास्तर ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. दोन आवाज आणि गिटार यांसाठी चाल लावा, असं मोरनं सांगितलं. चाल त्याच दिवशी तयार झाली आणि त्याच रात्री दोघांनी ती गायली. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, अशी एक लाडकी गोष्ट सांगतात. ग्रूबर मास्तरांनी १८५४ मध्ये स्वतः लिहिलेल्या हकिकतीत मात्र उंदीर कुठेच नाहीत.

ही हकिकत त्यांनी लिहिली, कारण प्रशियाच्या राजदरबारातल्या संगीतकारांनी साल्झबर्गला चौकशी केली होती. गाणं तोवर टिरोलच्या गायकांनी युरोपभर नेलं होतं, १८३९ मध्ये ते न्यूयॉर्कलाही पोहोचलं होतं. पण कर्ते कोण हे लोक विसरले होते. हे हायडनचं असणार, असा समज होता.

इकडे नदीचं काय झालं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि १८९९ मध्ये विशेष करून, तिनं ओबर्नडॉर्फ पुन्हा पुन्हा बुडवलं. अखेर गाव सुमारे आठशे मीटर वरच्या बाजूला हलवायचं ठरलं. आपल्या भाषेत नवं गावठाण. तिथे १९०६ मध्ये नवं चर्च उभं राहिलं आणि पुराच्या पाण्यानं खिळखिळं झालेलं जुनं चर्च पाडलं गेलं. आज आपण हळहळतो, पण पाडणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरात वारंवार पाणी शिरतं त्यांना आधी घर लागतं, वारसा नंतर.

वारशाची आठवण झाली तेव्हा जागेवर उरला होता मलब्याचा ढिगारा. गाण्याची शताब्दी १९१८ मध्ये आली, ती पहिलं महायुद्ध नुकतं संपलेल्या दिवसांत. १९२४ मध्ये त्याच ढिगाऱ्यावर चॅपलचा पाया घातला गेला. पैशांअभावी काम रखडलं आणि १५ ऑगस्ट १९३७ रोजी त्याचं पवित्रीकरण झालं. शेजारच्या जुन्या पाद्रीघरात आता संग्रहालय आहे. दर २४ डिसेंबरला इथे हजारो माणसं जमतात. आत जागा नसते, म्हणून बाहेर बर्फात उभी राहून गातात.

चॅपलच्या रंगीत काचांवर मोर आणि ग्रूबर दोघेही आहेत. ग्रूबर मास्तरांचं चित्र उपलब्ध होतं. मोरचं एकही नव्हतं, कारण १८४८ मध्ये तो वाग्राइन गावी अगदी गरिबीत वारला होता. १९१२ मध्ये एका शिल्पकाराला त्याचा पुतळा घडवायचा होता. त्यासाठी कबर उकरून मोरची कवटी काढण्यात आली. काम संपल्यावर ती कबरीत परत गेलीच नाही. ती या चॅपलच्या भिंतीत बसवलेली आहे.