दूरच्या ताऱ्यांनाही तेच नियम

पृथ्वीवरचे भौतिकीचे नियम सर्वत्र आणि सर्वकाळ सारखेच लागू पडतात, हे खगोलभौतिकीचे मूळ गृहीतक आहे. मात्र ते तपासण्याची साधनेही याच शास्त्राने दिली.

मिठाची चिमूट ज्योतीत टाकली की ज्योत पिवळी होते. वर्णपटात त्या रंगाच्या जागी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर सोडियमच्या दोन रेषा उमटतात. सूर्याच्या वर्णपटातही नेमक्या त्याच जागी काळ्या रेषा आहेत. १८५९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किर्खहोफ यांनी त्यांचा अर्थ लावला : सूर्याच्या वातावरणातही सोडियम आहे आणि तो इथल्यासारखाच वागतो.

खरी कसोटी क्वेसार या अतिदूरच्या तेजस्वी वस्तूंच्या प्रकाशाची. अब्जावधी वर्षांच्या प्रवासात विश्वाच्या प्रसरणामुळे त्यातील सर्व तरंगलांबी एकाच प्रमाणात ताणल्या जातात. त्यामुळे दोन रेषांच्या तरंगलांबींचे गुणोत्तर बदलत नाही. ते बदललेले आढळले, तर विद्युतचुंबकीय बलाची तीव्रता ठरवणारा सूक्ष्म-संरचना स्थिरांक त्या काळी वेगळा होता, असे मानावे लागेल. १९९९ मध्ये एका गटाने अगदी किंचित फरक आढळल्याचा दावा केला. त्यावर बराच वाद झाला, पण सर्वमान्य पुष्टी मिळाली नाही. फरक असलाच तर तो सुमारे लाखात एका भागाहून मोठा नाही. एवढी काटेकोर तपासणी होते, हेच या शास्त्राचे मोठेपण.

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी रेडिओ दुर्बीणही नियम सर्वत्र सारखेच आहेत, याच भरवशावर चालते. हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची रेषा दूरच्या दीर्घिकेतून खूपच कमी वारंवारतेवर येते. तरीही ती हायड्रोजनचीच म्हणून ओळखता येते, कारण तिथला अणू इथल्यासारखाच आहे.