माडीवरचा ग्रामोफोन : ठेवावा की विकावा?

अकोला-अमरावतीकडील व्यापारी कुटुंबांत वाटणीच्या वेळी दुकान, शेती आणि दागिने यांचा हिशेब कागदावर उतरतो. अडते ते माडीवरच्या ग्रामोफोनपाशी, तबकड्यांच्या पेटीपाशी आणि स्पूलच्या टेपरेकॉर्डरपाशी. भंगारवाल्याच्या लेखी त्यांचे मोल वजनापुरते, शौकिनाच्या लेखी पुष्कळ. एका भावाला ते सारे हवे असते, दुसऱ्याला नको असते आणि तिसऱ्याच्या फ्लॅटमध्ये जागा नसते.

किमतीचे आधी पाहावे. चकचकीत पितळी कर्ण्याची, कुत्र्याच्या चित्राची जी यंत्रे शोभेच्या दुकानांत दिसतात, त्यांतील पुष्कळशी सुटे भाग जुळवून अलीकडे बनविलेली असतात. उलट १९३१ पासून निघू लागलेले, पेटीसारखे बंद होणारे एच.एम.व्ही. १०२ दिसायला साधे, पण जाणकार त्यालाच हात घालतो. वैशाखात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या वऱ्हाडात पत्र्याखालच्या माडीवर तबकड्या वाकतात. वाकलेल्या तबकडीला गिऱ्हाईक नाही. तबकड्या आडव्या न रचता उभ्या, थंड खोलीत ठेवाव्यात.

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांविषयी जैन घरात आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून पुढची काही दशके आपल्याकडील तबकड्या लाखेच्या चपड्याच्याच होत्या. त्यात दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतूही मिसळत. लाख म्हणजे पळस-कुसुमासारख्या झाडांवरील किड्यांचा स्राव. ती काढताना असंख्य जीवांचा घात होतो. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना आहे ती याचमुळे. मग वडिलोपार्जित तबकडी विकणे हाही तो व्यापार ठरतो काय? घरातील जुनी वस्तू एकदा दुसऱ्याच्या हाती देणे आणि त्या मालाची पेढी घालणे, यांत अंतर आहेच. तबकडी फोडून टाकल्याने कोणताही जीव वाचत नाही. तरीही मनाला खटकत असेल, तर गुरुमहाराजांना विचारून संग्राहकाला विनामूल्य द्यावी. १९४८ पासून आलेल्या लाँगप्लेइंग तबकड्या प्लास्टिकच्या असतात, त्यांना हा प्रश्न लागू नाही.

छापील तबकडीची दुसरी प्रत बहुधा कुठेतरी मिळते. मुंबईत १९९० पासून अशा संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्थाच आहे. घरच्या स्पूलचे तसे नाही. चातुर्मासातले एखादे प्रवचन, आजीने म्हटलेले स्तवन, लग्नातला गलबला, आजोबांचा ‘हॅलो, हॅलो’ : हे जगात एकाच फितीवर असते. ती फीत यंत्राबरोबर गेली, की नवा मालक तीवर दुसरे काही मुद्रित करण्यास मोकळा असतो. म्हणून यंत्राचा सौदा नंतर, फितीवरचा आवाज संगणकावर उतरवणे आधी.

येथे घाई नडते. वर्षानुवर्षे बंद पडलेले यंत्र थेट विजेला जोडू नये. आतील कपॅसिटर निकामी झालेले असतात, रबरी पट्टे चिकट झालेले असतात. आधी कारागिराला दाखवावे, मग एखादी बिनकामाची फीत चालवून पाहावी, आणि ती सुरळीत फिरली तरच आजीचा आवाज लावावा.

यंत्र कोणाकडे जावे? जो ते चालवील त्याच्याकडे. दुसऱ्या भावाला मिळू नये म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवलेला ग्रामोफोन हा परिग्रहच, मग त्याला आठवण म्हटले तरी. चालवणारा कोणीच नसेल तर तो खुशाल विकावा. वाटणीपत्रात यंत्र एकाच्या नावे लिहिले तरी आवाजाच्या प्रती सर्वांना द्याव्यात, सासरी गेलेल्या बहिणींनाही. आजीचे स्तवन बहुधा त्यांनाच पाठ असते. आणि प्रत्येक डब्यावर कोण बोलते आहे, कुठे, कोणत्या साली, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे. पुढच्या पिढीत हे आवाज ओळखणारे कोणी उरणार नाही.