काटे फुटणारं तेल

लोखंड वितळवलं की चुंबकाकडे धावणारा द्रव मिळेल, असं कुणालाही वाटेल. पण लोखंड वितळतं १५३८ अंश सेल्सिअसला आणि त्याचं लोहचुंबकत्व ७७० अंशांवरच संपलेलं असतं. तो रस्ता बंद.

१९६३मध्ये नासाच्या क्लीव्हलंड इथल्या लुईस संशोधन केंद्रात स्टीव्ह पॅपेल यांना रॉकेटच्या इंधनाची चिंता होती. अंतराळात वजनच नसल्यामुळे टाकीतलं इंधन पंपाच्या तोंडाशी थांबत नाही. ते चुंबकाने ओढता यावं म्हणून त्यांनी मॅग्नेटाइट हे लोहखनिज केरोसीनमध्ये, ओलिक आम्लासोबत दिवसचे दिवस दळलं आणि फेरोफ्लुइड तयार झालं. यातले कण साधारण १० नॅनोमीटरचे असतात.

माझ्या मते यात खरी करामत चुंबकाची नाही, त्या आम्लाची आहे. आपल्या शेंगदाणा तेलातही ते भरपूर असतं. इतके बारीक कण तळाशी बसत नाहीत, कारण द्रवाचे रेणू त्यांना सतत ढकलत असतात. मात्र ते एकमेकांना चिकटले की गाळ झालाच म्हणून समजा. आम्लाच्या रेणूचं एक टोक कणाला धरून बसतं आणि लांब शेपूट द्रवात पसरतं. या शेपट्यांमुळे कणांना एकमेकांना भिडता येत नाही.

बशीत हा काळा द्रव ओतून खालून चुंबक आणा. आधी काहीच घडत नाही. मग एका ठरावीक क्षणी पृष्ठभाग एकदम उसळतो आणि साळिंदरासारखे काटे उभे राहतात. चुंबकाचं क्षेत्र पृष्ठभागाला वर उचलू पाहतं, गुरुत्वाकर्षण आणि पृष्ठताण त्याला खाली दाबतात. पहिल्याची सरशी झाली की काटे फुटतात. काउली आणि रोझेन्स्वाइग यांनी १९६७मध्ये याचं गणित मांडलं. काट्याला बोट लावा, तेलच लागतं. चुंबक दूर नेला की कणांची तोंडं पुन्हा वाटेल तिकडे वळतात आणि सगळं सपाट.

मोटारींच्या काही शॉक अॅब्सॉर्बरमध्येही चुंबकाला दाद देणारा द्रव असतो, पण तो वेगळा. त्याचे कण मायक्रोमीटरचे असतात आणि चुंबकाजवळ तो घट्ट होतो.

फेरोफ्लुइड रुळलं ते जमिनीवर. लाउडस्पीकरमध्ये ते कॉइलची उष्णता बाहेर नेतं. पण त्याचं सर्वांत चोख काम म्हणजे सील. निर्वात कक्षात फिरता दांडा न्यायचा, तर रबर घासून झिजतं. इथे दांड्याभोवती चुंबक बसवतात आणि फटीत या द्रवाची एकामागे एक कडी धरून ठेवतात. प्रत्येक कडं दाबाचा थोडा वाटा पेलतं. घासायला काही उरतच नाही. तेल तेवढं सहजी न उडणारं हवं. निर्वातात केरोसीन टिकायचं नाही.